टोपीवाल्या मांजराचा शाळाप्रवेश

मराठी मुलाला बाराखडी एकदां आली, कीं न पाहिलेला शब्दहि तें अडखळत कां होईना वाचतें. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाचें तसें नाहीं. ‘बट’ आणि ‘पुट’ या दोन शब्दांत मधलें अक्षर एकच, पण उच्चार निराळे! या अडचणीवर तोडगा म्हणून अमेरिकेंत अक्षरें जुळविण्याऐवजीं अख्खा शब्दच चित्रासारखा ओळखावयास शिकविण्याची पद्धति बळावली. १९३० सालापासून तेथील शाळांतून पसरलेल्या डिक व जेन यांच्या वाचनमाला याच पद्धतीच्या. शब्द मोजके व तेच ते पुनः पुनः येणारे. मुलें नीटनेटकीं व आज्ञाधारक. आणि गोष्ट म्हणाल तर जवळजवळ नाहींच.

१९५४ च्या मे महिन्यांत ‘लाइफ’ साप्ताहिकांत जॉन हर्सी यानें या पुस्तकांवर कडक टीका केली. हिरोशिमाच्या संहाराची हकीकत जगापुढें मांडणारा हाच लेखक. मुलें वाचनांत मागें कां पडतात, याचें एक कारण त्याला या निर्जीव पुस्तकांत दिसलें, आणि डॉ. स्यूस किंवा वॉल्ट डिस्ने यांसारख्या कल्पक चित्रकारांकडून तीं कां काढून घेऊं नयेत, असा त्याचा सवाल होता.

डॉ. स्यूस म्हणजे थिओडोर गायझेल. हा गृहस्थ डॉक्टर मुळींच नव्हता. ऑक्सफर्डचें शिक्षण त्यानें अर्धवटच सोडलें होतें. होटन मिफ्लिन या प्रकाशनसंस्थेच्या शालेय विभागाचे विल्यम स्पॉल्डिंग यांनीं त्याला सुमारें साडेतीनशें शब्दांची यादी दिली व पहिलीच्या मुलाला खालीं ठेववणार नाहीं असें पुस्तक मागितलें. काम थोडक्या दिवसांचें वाटलें. प्रत्यक्षांत वर्षाहून अधिक काळ गेला. यादींत यमक जुळणारे पहिले दोन शब्द सांपडतील त्यांवरच गोष्ट रचावयाची, असें अखेर ठरविलें, असें तो सांगे. ते शब्द निघाले ‘कॅट’ व ‘हॅट’.

१९५७ सालीं निघालेल्या या पुस्तकांत निरनिराळे शब्द अवघे २३६, आणि त्यांपैकीं बहुतेक एकाच अवयवाचे. पाऊस पडत आहे, आई बाहेर गेली आहे, आणि उंच टोपीचें एक मांजर घरांत शिरून सारा संसार उलथापालथा करतें. भांड्यांतील मासा मात्र शिस्तीचीं व्याख्यानें देत राहतो. त्या माशांत कित्येक शिक्षकांना आपलें प्रतिबिंब दिसण्याजोगें आहे! पुनरुक्ति येथेंहि आहेच, परंतु यमकाच्या ओघांत ती जाचत नाहीं. पुढच्या ओळीचा शेवट मूल आधींच ताडतें, तो खरा ठरला कीं हंसतें, आणि हंसतां हंसतां शब्द मुखोद्गत होतो. घडलें तें आईला सांगावें कीं नाहीं, हा प्रश्न शेवटीं वाचकावरच सोपविला आहे. वर्गांत वादाला याहून चांगला विषय मिळणें कठीण.

तरीहि शाळांनीं प्रथम या पुस्तकाचें स्वागत थंडपणेंच केलें. होटन मिफ्लिनची शालेय आवृत्ति रेंगाळली. रँडम हाउसनें काढलेली दुकानी आवृत्ति आईबापांनीं भराभर उचलली. १९५८ सालीं नवशिक्या वाचकांसाठीं स्वतंत्र मालाच निघाली. १९६० सालीं तिच्यांत अवघ्या ५० शब्दांचें पुस्तक आलें. डिक-जेन मात्र आणखी कांहीं वर्षें वर्गांत टिकून होतीं. पुढें १९९८ सालीं अमेरिकन शिक्षकांच्या राष्ट्रीय संघानें वाचनाचा देशव्यापी उत्सव सुरू केला. त्यासाठीं दिवस निवडला २ मार्च, गायझेलचा जन्मदिवस. आणि त्या दिवशीं तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या उंच टोप्या घालून गुरुजनच वर्गांत शिरूं लागले.