कोनसेटची गोष्ट

जुन्या चेतक स्कूटरचं हँडल सरळ धरताच खाचेत बसल्यासारखं अडकू लागलं, की मेस्त्री लगेच म्हणतो, "कोनसेट गेला." हँडलचा दांडा चेसिसच्या नळीतून जातो, तिथे वर-खाली कोन आणि वाटी असतात; हाच कोनसेट. मधल्या छर्‍यांवर पुढच्या चाकाचा प्रत्येक दणका येतो.

हे छर्रे एकसारखे गोल असण्यातच सारं आहे. एखादाही जरा मोठा निघाला, तर भार त्याच्यावरच पडतो. १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये फ्रीडरिश फिशरने पोलादी गोळ्या एकाच मापात घासणारं यंत्र तयार केलं आणि त्यातून पुढे एफएजी ही बेअरिंग कंपनी उभी राहिली. १९६२मध्ये तीच कंपनी वडोदऱ्यात आली. माणेजा इथे प्रिसिजन बेअरिंग्ज इंडियाचा कारखाना निघाला. आज त्याचं नाव शेफलर इंडिया आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून ज्या शहरात यंत्रविद्येचं शिक्षण सुरू केलं, तिथे बेअरिंगचा कारखाना यावा हे शोभणारंच होतं.

स्कूटरही त्याच काळात देशी होत होती. बजाजने १९४८पासून व्हेस्पा आयात केल्या आणि १९५९मध्ये उत्पादनाचा परवाना मिळवला. पियाजिओशी झालेला करार १९७१ साली संपला, पुढच्याच वर्षी चेतक आली. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर हाती आलेली गाडी कोण टाकून देणार? कोन, वाटी, छर्रे बदलत ती वापरात राहिली, आणि दुरुस्तीची ही विद्या गॅरेजमधल्या पोरांनी उस्तादाच्या हाताखाली उचलली.

छर्रे झिजून संपण्याआधी वाटीच बिघडते. हँडल बहुतेक वेळ सरळच असतं, म्हणून छर्रे त्याच जागी आदळत राहतात, ग्रीस बाजूला सरकतं आणि वाटीत बारीक खळगे पडतात. मग नट आवळून काही साधत नाही, अडकणं उलट वाढतं. वाटी शाबूत असेल तर काम सोपं: पुढचं चाक उचलायचं, ढिलाई जाईपर्यंत नट आवळायचा, किंचित मागे घ्यायचा आणि लॉकनट बसवायचा. चाक पुढे-मागे ओढलं तर खटखट नको, आणि हँडल दोन्हीकडे न अडखळता वळायला हवं.

अलीकडे काही हौशी मंडळी छर्‍यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग बसवतात. गोळी वाटीला एका बिंदूत टेकते, रोलर मात्र आख्ख्या रेषेत. त्यामुळे भार पसरतो आणि खळगे उशिरा पडतात. रोज चालणाऱ्या गाडीसाठी हा बदल खरोखर चांगला आहे. मूळ रूपात जपायच्या गाडीत मात्र कोनसेटच असावा, कारण ती त्या गाडीची घडण आहे. टेपर बसवताना उंची जुळते का ते आधी मोजावं लागतं, नाहीतर वरच्या नटाला पुरेसे आटे उरत नाहीत. शिवाय तो जास्त आवळला, तर हँडल आपोआप मध्यावर येत नाही आणि संथ चालीत गाडी डुलू लागते.