फॉरमॅट मारण्याआधी

संगणकावर कधी ब्राउझर, कधी एक्सेल, कधी गेम अचानक बंद पडू लागला की निदान ठरलेलं असतं : व्हायरस असेल, विंडोज बिघडलं असेल, फॉरमॅट मारा. हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या मेमरीत, फिरणारा एकही भाग नाही; मग ती झिजणार कशी? प्रोग्रॅम मात्र माणसं लिहितात आणि माणसं चुकतात. १९७८ साली इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवलं, की चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशातून निघणारे अल्फा कण मेमरीतला बिट उलटवू शकतात. त्यामुळे जाणकारांनाही एक सबब मिळाली : मेमरी चुकलीच तर योगायोगाने, एखाद्या वेळी. रोजच्या क्रॅशचं खापर तिच्यावर कसं फोडायचं?

या युक्तिवादाला २००९मध्ये तडा गेला. संगणकशास्त्रज्ञ बियान्का श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गूगलच्या सर्व्हरांच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासल्या. दरवर्षी सुमारे एक तृतीयांश यंत्रांत मेमरीची निदान एक चूक नोंदली गेली होती. पण खरा मुद्दा निराळाच आहे. एकदा चुकलेली रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, पुन्हा चुकण्याचा संभव कितीतरी पटींनी जास्त निघाला. भटका कण काही स्टिक ओळखून येत नाही. तेव्हा दोष बव्हंशी त्या स्टिकच्याच अंगात मुरलेला. या चुका मोजता आल्या, कारण त्या सर्व्हरांत चूक पकडणारी ईसीसी मेमरी होती. घरच्या संगणकात बहुधा ती नसते. तिथे चूक नोंदलीच जात नाही, आणि आळ समोर दिसणाऱ्या प्रोग्रॅमवर येतो.

यात तज्ज्ञही फसतात. २०२२मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा संगणक कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करताना अडखळू लागला, तेव्हा त्यांचाही पहिला संशय नव्या कोडवर गेला. मग त्यांनी जुनं कर्नल चालवून पाहिलं, रात्रभर मेमटेस्ट ही मेमरी तपासणारी चाचणी लावली आणि खराब स्टिक सापडली. जुन्या कर्नलवरही दोष टिकला, इथेच नव्या कोडची सुटका झाली.

एकच प्रोग्रॅम एकाच ठिकाणी पडत असेल, तर रॅमला छळू नये. तिथे पूर्वपक्षच खरा. पण निरनिराळे प्रोग्रॅम, दर वेळी वेगळ्या जागी, आणि शिवाय नीट उतरवलेली झिप फाइलही मधूनच खराब असल्याचं कळू लागलं, तर फॉरमॅट हा उपाय नव्हे, अपायच : नव्या विंडोजच्या फाइलीही त्याच सदोष रॅममधून डिस्कवर जातात.

इथे न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक उपयोगी पडतो. एका वेळी एकच स्टिक ठेवावी. जिच्यासोबत क्रॅश येतात आणि जिच्याविना थांबतात, तिच्यावर संशय घ्यावा. मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहावी, नाहीतर स्लॉटचा दोष स्टिकच्या माथी जायचा. दुरुस्तीच्या दुकानात स्टिकची टोकं खोडरबरने घासून देतात, आणि कधीकधी काम भागतंही. पण मग दोष चिपचा होता की मळलेल्या टोकांचा, हे त्यावरून ठरत नाही. बायोसमध्ये रॅमचा वाढीव वेग, म्हणजे एक्सएमपी, चालू असेल तर तो आधी बंद करावा.

मेमटेस्टच्या निकालाचे दोन अर्थ मात्र सारख्या वजनाचे नाहीत. वाढीव वेग बंद असतानाही एक जरी चूक दिसली, तरी ती जुळणी भरवशाची नाही. एकही दिसली नाही, तर त्या वेळी, त्या तापमानाला, चाचणीने मेमरीत लिहून पाहिलेल्या त्या आकृतिबंधांत काही सापडलं नाही, एवढंच. म्हणून चाचणी निदान रात्रभर चालू द्यावी.