उद्योगकथन

उद्योगकथन : माल, कारखाना किंवा पेढी यांची ओळख नुसत्या गुणवर्णनाऐवजी गोष्टीच्या रूपाने ग्राहक, विक्रेते आणि कामगार यांना करून देण्याची पद्धत. अशा गोष्टीत माणूस असतो, त्याची अडचण असते आणि ती सुटण्याची धडपड असते. माल त्या ओघात येतो. महाराष्ट्रातील याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे किर्लोस्करवाडीहून निघालेली मासिके.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगराचे पाते किती खोल जाते हे छापून असा समज जात नाही. शेजारच्या शिवारात त्याच नांगराने काय पिकले, हे कळावे लागते. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना आणि वसाहत, म्हणजेच किर्लोस्करवाडी, उभी राहिली. निवडुंगाने भरलेला माळ आणि तिथे रखवालीला नेमलेली, तुरुंगवास भोगून आलेली माणसे हा मजकूर पुढे कारखान्याच्या ओळखीचाच भाग झाला. कोणत्याही मालाच्या यादीपेक्षा तो अधिक सांगितला गेला.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) मूळचे चित्रकलेकडे वळलेले. कारखान्यात जाहिरात आणि विक्री त्यांच्याकडे आली. त्यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांना कळवणे हा आरंभीचा हेतू होता. पण नांगराचे वर्णन दर महिन्याला कोण वाचणार? पत्रात गोष्टी, उद्योगी माणसांची चरित्रे, विनोद आणि शंकररावांची स्वतःची व्यंगचित्रे येऊ लागली. ती ‘टाकाच्या फेकी’ या नावाने ओळखली जात. पुढे ‘खबर’ गळून मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याला येऊन मिळाली. ‘गोट्या’कार ना. धों. ताम्हनकर किर्लोस्करवाडीतच काम करत होते. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही ‘किर्लोस्कर’मधूनच गाजले.

या मासिकांचे यश त्यांनी नांगराची टिमकी न वाजवण्यात होते. अंधश्रद्धा, जातिभेद, स्त्रीशिक्षण, नोकरीऐवजी धंदा करणारा तरुण हे त्यांचे विषय. आणि यंत्र स्वीकारणारा शेतकरी व हे विषय स्वीकारणारा वाचक फार वेगळे नव्हते. मालाला लागणारी मनोवृत्ती मजकुराने घडवली आणि त्या मनोवृत्तीशी किर्लोस्कर हे नाव जोडले गेले. नांगराशी कधी संबंध न आलेल्या घरांतही ते आडनाव ओळखीचे होते. मासिकांची कचेरी कालांतराने पुण्यात आली. ‘स्त्री’ने तर कारखान्यापासून इतके स्वतंत्र वळण घेतले की, विद्या बाळ यांच्या संपादनकाळात ते स्त्रीमुक्तीच्या चर्चेचे व्यासपीठ ठरले. जाहिरात म्हणून पाहिल्यास हा अतिरेकच म्हणावा लागेल, पण नावाला त्याने उणेपणा आणला नाही. शंकररावांनी लक्ष्मणरावांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ आणि आत्मचरित्र ‘शंवाकीय’ही लिहिले.

याच्या उलट, कथा पेढीने न सांगता गिऱ्हाइकांनी रचल्याचीही उदाहरणे आहेत. पुण्यातील चितळे बंधू मिठाईवाले (१९५०) यांचे दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणे हा शहरभर विनोदाचा विषय होता. जाहिरातीवर काडीचा खर्च न होता त्या विनोदाने दुकानाचे नाव दूरवर नेले. २०१७ मध्ये दुपारची सुट्टी बंद झाली तेव्हा तीही बातमी ठरली. अर्थात दुकानातली बाकरवडी बेचव असती, तर तोच विनोद दुकानाच्या अंगावर आला असता.

गोष्टीतून ओळख करून देण्याचे तत्त्व सहकारी दूध चळवळीने पडद्यावर आणले. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ (१९७६) या चित्रपटाला गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. नंतर हा चित्रपट गावोगाव दाखवून नव्या दूधसंस्था उभारण्यासाठी वापरला गेला.

कथा आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडले की या पद्धतीचा तोटाही तितकाच मोठा असतो. संस्थापकाच्या खडतर दिवसांचे वर्णन छापणाऱ्या कंपनीचा माल वॉरंटीच्या काळात बंद पडला आणि दाद लागली नाही, तर ग्राहक तीच कथा थट्टेने सांगू लागतो. म्हणून जाणते जाहिरातकार संस्थापकाच्या आठवणींआधी दुरुस्ती विभागाची तक्रारवही मागवतात.