नळकाम, घरगुती : त्र्यंबकेश्वर

इमारतीत शुद्ध पाणी आणणाऱ्या आणि वापरलेले पाणी व मैला बाहेर नेणाऱ्या नळांची जोडणी, देखभाल व दुरुस्ती करण्याचा व्यवसाय. तो करणाऱ्यास नळकारागीर व बोलीभाषेत फिटर किंवा प्लंबर म्हणतात. ‘प्लंबर’ हा शब्द शिसे या अर्थाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन शब्दावरून आला आहे. रोमन लोक नळांसाठी शिसे वापरीत, त्यामुळे शिशाचे काम करणारा तो प्लंबर, असा अर्थ रूढ झाला. पुढे शिशाची जागा बीड, भाजलेली माती, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड व अखेरीस प्लॅस्टिक यांनी घेतली. नाव मात्र टिकून राहिले.

या व्यवसायाच्या इतिहासाचे दोन भाग पडतात : पाणी आणणाऱ्या नळाचा आणि मैला नेणाऱ्या नळाचा. महाराष्ट्रात पहिला नळ आधी आला व दुसरा पुष्कळ उशिरा. या दोहोंमधील अंतर दीर्घकाळ विशिष्ट जातींच्या माणसांच्या श्रमाने भरून काढले गेले. गोदावरीचे उगमस्थान असलेल्या त्र्यंबकेश्वरात या इतिहासाला विशेष अर्थ प्राप्त होतो. कारण तेथील घरातून बाहेर पडणारे पाणी नदीला तिच्या प्रवासाच्या आरंभीच भेटते.

पाणी दुरून आणण्याची विद्या महाराष्ट्रास अपरिचित नव्हती. सतराव्या शतकात मलिक अंबर याने खडकी (नंतरचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे भूमिगत नहरींची योजना केली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी आणले. त्र्यंबकेश्वराच्या विद्यमान मंदिराचे बांधकामही त्यांनीच १७५५ मध्ये सुरू केले. ते १७८६ मध्ये पूर्ण झाले. परंतु या सर्व योजनांचे पाणी सार्वजनिक हौदापाशी किंवा मोजक्या वाड्यांपाशी थांबे. तेथून ते घरात नेणे हे माणसांचे, मुख्यतः स्त्रियांचे काम असे. त्र्यंबकेश्वरातही विहिरी, तलाव व कुंडे हेच पाण्याचे आधार होते.

घरोघरी नळ पोहोचविण्याचे पर्व मुंबईत सुरू झाले. विहार तलावाचे काम १८५६ मध्ये हाती घेण्यात येऊन १८६० मध्ये त्याचे पाणी शहरास मिळू लागले. त्यानंतर तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) यांची भर पडली. पाणी दाबाखाली वाहू लागल्यावर आटे पाडणे, ताग व सफेदा लावून सांधा बंद करणे, तोटीचा वायसर बदलणे ही कामे जाणणारा कारागीर आवश्यक झाला. सदोष सांध्यातून केवळ पाणी वाया जात नाही, तर नळातील दाब कमी झाला असता बाहेरचे दूषित पाणी आत ओढले जाते, हेही अनुभवास आले. यामुळेच मुंबई महानगरपालिका अधिनियम (१८८८) व पुढे इतर महानगरपालिकांसाठी झालेला १९४९ चा अधिनियम यांत नळकारागिरांना परवाना देण्याची तरतूद करण्यात आली. नळकाम ही केवळ घरमालक व कारागीर यांच्यातील खाजगी बाब नाही, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

मैला नेणाऱ्या नळाची कथा निराळी आहे. लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये शौचकूपासाठी वळणदार नळाचे एकस्व घेतले. वळणात पाणी साचून राहते व नळातील दुर्गंधी घरात येत नाही, हे साधे तत्त्व आजच्या प्रत्येक संडासाच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रातील नगरांत मात्र विसावे शतक बरेच उलटेपर्यंत टोपलीचे व डब्याचे संडास प्रचलित होते. मुंबईतील जुन्या चाळींमागे सफाई कामगारांच्या येण्याजाण्यासाठी अरुंद गल्ल्या ठेवलेल्या असत. सुधारणेची सोय घरात आली, तरी तिचा भार वाहणारा मनुष्य मागच्या गल्लीतच राहिला.

या अन्यायाविरुद्धच्या प्रयत्नांत अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांचे कार्य महत्त्वाचे आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना आपणास भंगीकाम करू द्यावे, या मागणीसाठी त्यांनी अन्न कमी केले. त्यांना पाठिंबा म्हणून महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपवास केला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापून त्यांनी मैल्याचे खत करणाऱ्या, स्वस्त व माणसाच्या श्रमाची अप्रतिष्ठा न करणाऱ्या संडासांचा प्रसार केला. मुंबई राज्य सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. हाताने मैला उचलण्यास व कोरडे संडास बांधण्यास बंदी करणारा केंद्रीय कायदा १९९३ मध्ये व अधिक व्यापक कायदा २०१३ मध्ये झाला.

त्र्यंबकेश्वर येथे प्रश्नाचे स्वरूप स्थानिक परिस्थितीने अधिक कठीण होते. नगर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी असून पाऊस विपुल पडतो. खाली काळा पाषाण असल्याने पाणी मुरण्यास सर्वत्र सारखा वाव नसतो आणि पावसाळ्यात शोषखड्डे लवकर भरतात. श्रावणातील ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, पौषातील निवृत्तिनाथांची यात्रा, वर्षभर चालणारे धार्मिक विधी व बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ (१९९१, २००३, २०१५) यांमुळे यात्रेकरूंची वस्ती मोठी असते. एका कुटुंबासाठी बांधलेला संडास यात्राकाळात अनेक पटींनी वापरला जातो. उलट यात्रेकरू नसताना बंद राहिलेल्या खोलीत वळणातील पाणी सुकते व दुर्गंधी पसरते. अशा वेळी नळ फोडण्याची गरज नसते, तांब्याभर पाणी ओतले तरी पुरते. नगरातून वाहणाऱ्या गोदावरीच्या पात्राचा काही भाग काँक्रीटने झाकला गेला असून तिच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढेही गेला आहे.

या पार्श्वभूमीवर नळकारागिराची निवड ही लहान गोष्ट ठरत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत नळ कारागीर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो, तथापि पुष्कळ कारागीर उस्तादाच्या हाताखालीच शिकतात. ओडिशातील केंद्रापाडा जिल्हा तर या व्यवसायासाठी देशभर प्रसिद्ध असून तेथील कारागीर अनेक मोठ्या शहरांत काम करतात. मोठ्या बांधकामात असे परप्रांतीय कारागीर नळ टाकून निघून जातात; दुरुस्तीस मात्र स्थानिक मनुष्यच उपयोगी पडतो. कोणत्या वाड्याचा नळ कोणत्या भिंतीतून गेला आहे, टाकीचे झाकण कोणत्या फरशीखाली आहे व पावसाळ्यात कोठले पाणी उलटते, हे ज्ञान नकाशात क्वचितच असते. ते त्याच्या स्मरणात असते. काम देताना मजुरी व माल यांचा हिशेब वेगळा ठरविणे, भिंत बंद करण्यापूर्वी नळात पाणी भरून सांधे तपासणे आणि नळांच्या मार्गाची आकृती काढून ठेवणे इष्ट असते.

दोन बाबतींत मात्र घरमालकाची जबाबदारी कारागिरावर ढकलता येत नाही. पहिली, तुंबलेल्या मैल्याच्या टाकीत कोणासही उतरविता कामा नये. टाकीतील विषारी वायूंनी काही क्षणांत मृत्यू येऊ शकतो. संरक्षक साधनांवाचून असे काम करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारे व मैल्याच्या टाक्या यांतील मृत्यूंबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला व २०२३ मध्ये गटारातील मृत्यूंसाठी ही रक्कम तीस लाख केली. दुसरी, टाकीतून बाहेर पडणारे पाणी निवळलेले दिसले, तरी रोगजंतुमुक्त नसते. ते उघड्या गटारास जोडणे स्वस्त व सोपे असते आणि मालकाने सांगितले, की कारागीर ते करूनही देतो. अशा जोडणीने घर स्वच्छ होते. मात्र घाण नाहीशी न होता नदीकडे जाते. पूर्वी ती दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर दिली जाई, आता ती खालच्या गावांच्या पाण्यात दिली जाते. घरगुती नळकाम पूर्ण झाले की नाही, हे न्हाणीघरातील कोरड्या फरशीवरून ठरत नाही. नळाचे दुसरे टोक कोठे उघडते, यावरून ते ठरते.