स्टेशनावरच्या आकाशाचा भाव

8 जानेवारी 1902 च्या सकाळी न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूखालच्या बोगद्यात धूर आणि वाफ इतकी कोंडली होती की एका लोकलच्या चालकाला धोक्याचा सिग्नल दिसलाच नाही. त्याचं इंजिन पुढे थांबलेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यात घुसलं आणि 15 माणसं गेली. शहर पेटून उठलं. पुढच्या वर्षी कायदा झाला: 1908 च्या मध्यापासून मॅनहॅटनमध्ये वाफेचं इंजिन चालणार नाही. मुंबईत आज गृहनिर्माण संस्थेच्या प्रत्येक पुनर्विकास बैठकीत ज्या टीडीआरचं, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे नेण्याच्या सोयीचं, नाव निघतं, त्याचं कूळ शोधत मागे गेलं तर एक वाट थेट या बोगद्यापर्यंत जाते.

न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचे मुख्य अभियंता विल्यम विल्गस यांनी या बंदीतून वेगळाच विचार काढला. विजेच्या गाडीला धूर नाही. मग रुळांच्या वर आकाश उघडं ठेवायचं कशाला? स्टेशनाचं सगळं आवार दोन थरांत जमिनीखाली न्यावं, वर पोलादी सांगाडा उभारावा, त्यावर रस्ते आणि इमारती होऊ द्याव्यात आणि त्या जागेचं भाडं रेल्वेनं घ्यावं. म्हणजे विद्युतीकरणाचा आणि नव्या स्टेशनाचा बराचसा खर्च वरच्या रिकाम्या जागेतूनच निघेल. 2 फेब्रुवारी 1913 ला ग्रँड सेंट्रल टर्मिनल उघडलं आणि एकेकाळी काजळीनं माखलेल्या त्या पट्ट्यावर हॉटेलं, कचेऱ्या, उंची निवासी इमारती उभ्या राहिल्या. जमिनीची मालकी एकाकडे आणि तिच्यावरच्या हवेत बांधण्याचा हक्क दुसऱ्याकडे, ही विभागणी तिथे व्यवहारात रुळली. गाडीचा खर्च घरांनी उचलायचा आणि गाडीमुळे त्या घरांना मोल यायचं, हा त्या सौद्याचा गाभा होता.

मुंबईच्या बांधकाम नियमांचा जन्म मात्र पैशातून नव्हे, रोगातून झाला. 1896 मध्ये मांडवीत प्लेग आला. गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगास यांनी तो ओळखला. दोन वर्षांत कायदा होऊन सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. या ट्रस्टनं सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट काढले, दादर-माटुंग्याची वसाहत आखली. त्याच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे एक कोन. खोलीच्या खिडकीसमोर इतकी मोकळी जागा हवी की 63½ अंशांच्या रेषेत आकाश अडू नये. सोप्या हिशेबात सांगायचं तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये हवं. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिलं. अंधारी खोली आणि क्षय यांचं नातं ते पोटतिडकीनं मांडत असत. आत राहणाऱ्या माणसाला सूर्य किती मिळतो, यावर हा नियम बेतलेला होता.

चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, त्यानंतर आला आणि त्यानं मोजपट्टीच बदलली. न्यूयॉर्कनं 1916 मध्ये इमारतींना वर जाताना मागे सरकायला लावणारे नियम केले होते. 1961 च्या नव्या नियमावलीत भूखंडाच्या किती पट बांधता येईल हा आकडाच ठरवून टाकला. मुंबईत तो 1964 च्या विकास आराखड्यातून आला. हजार चौरस मीटरच्या भूखंडाला एक निर्देशांक असेल तर सगळे मजले मिळून हजार चौरस मीटर. हिशेब सुटसुटीत, तपासायला सोपा. पण या आकड्याला खिडकी कुठे आहे ते कळत नाही. आणि जे आकड्यात मोजता येतं त्याची खरेदी-विक्रीही होऊ शकते, ही शक्यता त्यात पहिल्यापासून दडलेली होती.

ती शक्यता पुन्हा ग्रँड सेंट्रलच्याच निमित्तानं उघड झाली. 1963 पासून पेन स्टेशनची सुंदर इमारत पाडली गेली. त्या हळहळीतून 1965 मध्ये वारसा इमारतींच्या रक्षणाचा कायदा झाला. मग ग्रँड सेंट्रलच्या डोक्यावर पन्नासहून अधिक मजल्यांचा मनोरा बांधण्याची मालक रेल्वे कंपनीची योजना शहरानं नाकारली. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1978 मध्ये शहराच्या बाजूनं निकाल लागला. न्यायालयानं एक गोष्ट लक्षात घेतली होती: कंपनीला स्टेशनावर बांधता आलं नाही तरी तो न वापरलेला हक्क जवळच्या भूखंडांवर नेता येत होता. हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, यांना एवढ्या मोठ्या खटल्यात वजन मिळालं. त्या निकालाबद्दल लिहिताना ‘जवळच्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

कारण मुंबईनं हे तंत्र घेतलं आणि नेमकी जवळीक सोडून दिली. 1964 च्या आराखड्यातली मैदानं, शाळा, रस्ते यांची आरक्षणं बहुतांशी कागदावर राहिली होती, कारण जमिनी विकत घ्यायला महापालिकेकडे पैसे नव्हते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनं त्यावर उपाय काढला. शहरात निर्देशांक 1.33, उपनगरांत 1. आणि आरक्षित जमीन जो फुकट देईल त्याला रोख रकमेऐवजी विकास हक्क प्रमाणपत्र. ते त्यानं दुसरीकडे वापरावं किंवा बिल्डरला विकावं. महापालिकेच्या अडचणीवरचा हा तोडगा हुशारीचा होता, यात शंका नाही.

पण त्या नियमावलीनुसार हे हक्क न्यायचे कुठे? शहर विभागात नाही. उपनगरांत, तेही मुख्यतः मूळ भूखंडाच्या उत्तरेकडे. आणि उपनगरांतही काही पट्टे वर्ज्य: पश्चिम रेल्वेचे रूळ आणि स्वामी विवेकानंद रस्ता यांच्यामधला, मध्य रेल्वेचे रूळ आणि लाल बहादूर शास्त्री मार्ग यांच्यामधला. म्हणजे स्टेशनातून उतरून माणूस चालत घरी पोहोचेल अशीच ती जमीन. गर्दी वाढू नये हा हेतू समजण्यासारखा आहे. स्टेशनाबाहेरच्या गल्ल्यांतून ज्यानं वाट काढली आहे त्याला तो पटेलही. परिणाम मात्र उलटा झाला. बांधकाम रुळांपासून दूर आणि उत्तरेकडे ढकललं गेलं, नोकऱ्या बराच काळ दक्षिणेत राहिल्या. कांदिवली, बोरिवली, मुलुंडच्या आतल्या भागांत राहायला गेलेल्या माणसाला आधी रिक्षा किंवा बस, मग लोकल, असा दुहेरी प्रवास लागला. गर्दी टळली नाही. तिचा रोजचा रस्ता लांबला. मुंबईच्या घरांच्या धोरणातली ही सर्वांत महागडी चूक आहे असं मला वाटतं.

त्यानंतर लोकल सुधारण्याची वेळ आली आणि टीडीआर पुन्हा रुळांपाशी आला, या वेळी दुसऱ्या रूपात. हार्बर आणि मध्य मार्गाच्या कडेला हजारो कुटुंबं रुळाला खेटून झोपड्यांत राहत होती. मुलं रूळ ओलांडून खेळायची, बायका तिथेच भांडी घासायच्या आणि गाड्यांना वेग कमी करावा लागायचा. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन मुंबई नागरी परिवहन प्रकल्प 2002 मध्ये सुरू झाला. त्यात या कुटुंबांचं पुनर्वसन हा प्रकल्पाचाच भाग होता. रेल्वेकडेच्या रहिवाशांनी, महिला मिलनसारख्या संघटनांतल्या बायकांनी, आपल्या झोपड्यांची मोजणी स्वतः केली, याद्या स्वतः केल्या. या शहरात गरिबांच्या मोजणीचं काम इतक्या नेटकेपणानं फार कमी वेळा झालं असेल. प्रत्येक पात्र कुटुंबाला 225 चौरस फुटांचं घर, विनामूल्य.

घरं बांधायला सरकारनं सगळा पैसा रोखीत दिला नाही. बिल्डरनं जमीन आणि घरं द्यायची, बदल्यात जमिनीचा आणि बांधकामाचा टीडीआर घ्यायचा आणि तो महाग उपनगरांत विकायचा. जिथे जमीन स्वस्त तिथेच हे गणित बसणार. म्हणून ही माणसं मानखुर्द, गोवंडी, वाशी नाक्याला गेली. लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड: सात-आठ मजल्यांच्या इमारती आणि काही ठिकाणी दोन भिंतींमध्ये जेमतेम 3 मीटर. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती होत्या, त्यामुळे यात बेकायदा काहीच नव्हतं. ऑर यांच्या कोनाला मात्र इथे थारा उरला नव्हता. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महापालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी होती: खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा कमी पोहोचतो आणि घरांची अशी रचना व क्षयरोग यांचा संबंध दिसतो, असं त्यात आढळलं. शंभर वर्षांपूर्वी ज्या रोगासाठी नियम केला, तोच रोग, त्याच शहरात, लोकलचा वेग वाढावा म्हणून जागा सोडलेल्या माणसांच्या घरात. हे लिहिताना राग येतो.

आराखडेकारांना स्टेशनाचं मोल उमगलंच नव्हतं असं नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये मांडलेल्या विकास आराखड्याच्या मसुद्यात गजबजलेल्या स्टेशनांभोवती 8 पर्यंत निर्देशांक सुचवला होता. त्या मसुद्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये सरकारनं तो बाजूला ठेवला. चुकांबरोबर हा विचारही मागे पडला. 2018 च्या मंजूर नियमावलीत निर्देशांक जोडला गेला तो रस्त्याच्या रुंदीशी. रुंद रस्त्याला जादा बांधकाम, स्टेशन जवळ असो वा लांब. गाड्यांचा खर्च घरांकडून काढण्याची विल्गस यांची अर्धी कल्पना मात्र आपण पक्की उचलली: मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी विकास शुल्क दुप्पट झालं आणि मुंबईत घर घेणारा आज मुद्रांक शुल्काबरोबर 1 टक्का मेट्रो उपकर भरतो. त्याचं घर मेट्रोपासून किती दूर आहे हे त्याला कोणी विचारत नाही.

न्यूयॉर्कमध्ये 2020 साली ग्रँड सेंट्रलच्या शेजारी वन व्हँडरबिल्ट हा मनोरा उघडला. जादा उंचीच्या बदल्यात विकासकानं स्टेशनाच्या वाटा, जिने, फलाटांकडचे मार्ग यांवर सुमारे 22 कोटी डॉलर खर्च केले. पैसा त्याच स्टेशनात गेला, त्याच चौकात दिसला.

मुंबईत याच्या, म्हणजे मोबदला त्याच जागी देण्याच्या, सर्वांत जवळ जाणारं उदाहरण गिरगाव-काळबादेवीचं आहे. आरे ते कफ परेड या 33.5 किलोमीटरच्या भुयारी मेट्रोसाठी तिथल्या जुन्या चाळी पाडाव्या लागणार होत्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या भाडेकरूंनी आंदोलनं केली, दूर जायला नकार दिला. शेवटी त्यांना त्याच भागात, होणाऱ्या स्टेशनांच्या परिसरात नव्या इमारती बांधून घरं देण्याची योजना मेट्रो कॉर्पोरेशनला करावी लागली.