दिल्लीच्या स्टेशनावरचा नकार

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलच्या रस्त्यावर एका मोटारीने दुसऱ्या मोटारीला मुद्दाम धडक दिली. धडक बसलेल्या गाडीत अब्दुल कादर बावला हा तरुण, श्रीमंत व्यापारी होता, त्याचा व्यवस्थापक होता आणि मुमताज बेगम होती. धडक देणाऱ्या गाडीतून माणसे उतरली आणि मुमताजला बाहेर खेचू लागली. बावला आडवा आला, त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचले. त्यांच्यातल्या लेफ्टनंट सेगर्टने हातातल्या गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपायला सुरुवात केली आणि स्वतः गोळीने जखमी होऊनही माणूस धरून ठेवला. बावला वाचला नाही, मुमताज वाचली. धरलेल्या माणसांचा माग काढत पोलीस इंदूरला, होळकर दरबारच्या नोकरांपर्यंत पोचले. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रंप यांच्यासमोर चाललेल्या खटल्यात शफी अहमद, शामराव दिघे आणि पुष्पशील पोंडे यांना फाशीची शिक्षा झाली. इंदूरच्या फौजेचे अॅडज्युटंट जनरल सरदार आनंदराव फणसे यांच्या बचावासाठी बॅरिस्टर जिना उभे होते, तरी फणसेही दोषी ठरले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९२६ मध्ये, महाराजा तिसरे तुकोजीराव होळकर यांनी गादी सोडली.

या प्रकरणाला 'बावला खून खटला' हे नाव पडले आणि शंभर वर्षे तेच चालत आले. ते सांगण्याच्या तीन रीती रूढ झाल्या. एक राजाच्या आसक्तीची, दुसरी इंग्रजांच्या कारस्थानाची आणि तिसरी मोटारी, पिस्तुले आणि पाठलाग यांच्या थराराची. सिनेमाने तिसरी उचलली आणि तीही फार लवकर. कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली याच प्रकरणावर बेतलेला 'कुलीन कांता' हा मूकपट १९२५ सालीच काढला. द्वारकादास संपत यांची ही कंपनी काळाची नाडी ओळखणारी होती. तिच्या १९२१ च्या 'भक्त विदुर'मधला विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून त्या चित्रपटावर काही ठिकाणी बंदीही आली होती. पण या तिन्ही रीतींत मुमताज बेगम एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या ऐवजासारखीच राहते. राजा तिला मागतो, व्यापारी तिला ठेवून घेतो, गोरा अधिकारी तिला सोडवतो. खटल्यात पुढे आलेला पुरावा मात्र वेगळेच सांगतो. हे मुळात एका फरारी बाईला जबरदस्तीने परत नेण्याचे प्रकरण आहे. त्याची सुरुवात मलबार हिलवर झाली नाही. ती १९२४ साली दिल्लीत झाली, एका नकाराने.

तो नकार किती मोठा होता हे कळायला तेव्हाचे इंदूर डोळ्यांसमोर आणावे लागते. आज बडा गणपतीच्या चौकात उभे राहिले तर एका अंगाला मल्हारगंज आणि राजवाड्याकडे जाणारी जुनी वस्ती आहे आणि दुसऱ्या अंगाला विमानतळाकडे जाणारा रस्ता. पंचवीस फुटी शेंदरी मूर्तीचे हे देऊळ १९२५ च्या इंदूरलाही परिचयाचे होते. राजवाड्याभोवतीच्या पेठांत मराठी बोलले, लिहिले आणि छापले जात होते. १९१७ चे मराठी साहित्य संमेलन इंदूरलाच भरले होते. या सगळ्या भागात होळकरांचा कायदा चाले. पण त्याच शहराच्या पूर्वेकडच्या बाजूला, काही किलोमीटरांच्या आत, रेसिडेन्सीचा इलाखा लागे आणि तिथे इंग्रजांचा अंमल सुरू होई. मध्य भारतातल्या संस्थानांवर देखरेख करणारा गव्हर्नर जनरलचा एजंट तिथेच राहत असे. महूची छावणीही इंग्रजांचीच होती. म्हणजे एकाच गावात दोन राज्ये नांदत होती. कागदावर पाहिले तर राजवाड्याच्या हद्दीतून निघून दुसऱ्या कायद्याच्या आसऱ्याला जाणे तासाभराचे काम होते. प्रत्यक्षात दरबारच्या आश्रयाखाली असलेल्या नर्तकीला ती रेषा ओलांडणे अशक्यप्राय होते. तिच्याभोवती माणसे होती, ती माणसे दरबारच्या पगारावर होती आणि तिच्या बाजूने बोलायला त्या हद्दीत कोणी नव्हते. म्हणून ती निसटली ती प्रवासात. दरबारच्या माणसांबरोबर रेल्वेने जात असताना दिल्लीला, जिथे होळकरांचा हुकूम चालत नव्हता तिथे, तिने त्यांच्याबरोबर जायला साफ नकार दिला. तिथून ती अमृतसरला गेली आणि पुढे मुंबईला आली.

न्यायालयात तिने सांगितले की ती लहान वयात इंदूरला आली आणि सुमारे दहा वर्षे महाराजांकडे होती. आपल्याला तिथे मुलगी झाली आणि ती दायांनी मारली, त्यानंतर इंदूरला राहण्याची इच्छा उरली नाही, असेही तिने साक्षीत म्हटले. मुलीच्या मृत्यूचा निवाडा त्या खटल्यात व्हायचा नव्हता आणि झालाही नाही, त्यामुळे ती गोष्ट सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. पण ही साक्ष एका बाबतीत निर्णायक आहे. हल्ल्याचा हेतू काय होता, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळते. हल्लेखोरांना बावलाला मारायचे असते तर त्यासाठी गाडीतून बाईला ओढायची गरज नव्हती. सरकार पक्षाची मांडणीही तीच होती: कट होता तो मुमताजला पळवून नेण्याचा, आणि खून झाला तो त्या कटाच्या ओघात. इथे १८६० च्या भारतीय दंडसंहितेतला एक फरक फार महत्त्वाचा ठरतो. अल्पवयीन मुलीला तिच्या पालकाच्या ताब्यातून नेणे हा गुन्हा कलम ३६१ खाली पालकाच्या हक्काविरुद्ध मांडलेला होता. कलम ३६२ मध्ये पालक येतच नव्हता. तिथे प्रश्न एवढाच, की माणसाला बळाने किंवा फसवून एका जागेहून हलवले की नाही. सज्ञान बाईच्या बाबतीत तिची स्वतःची इच्छा हाच गुन्ह्याचा कणा. ती कोणाची आश्रित होती, कोणाच्या दागिन्यांवर तिचा संसार चालत होता, हे सगळे त्या कलमासमोर गैरलागू होते. १९२५ च्या मुंबईत नऊ आरोपींवर खटला उभा राहिला तो एका नर्तकीच्या 'जायचे नाही' या शब्दाला कायद्याने किंमत दिली म्हणून. आपल्या समाजाने तेव्हा ती किंमत दिली असती असे मला वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. इंग्रजांना होळकर नकोच होते, बावला प्रकरण हे निमित्त झाले, असे इंदूरच्या मराठी घरांत पुष्कळदा म्हटले जाते. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. नाभा संस्थानाच्या महाराजांना १९२३ मध्येच गादीवरून दूर व्हावे लागले होते. तुकोजीरावांचे वडील शिवाजीराव यांनाही १९०३ मध्ये पायउतार व्हावे लागले होते. स्वतः तुकोजीराव सामान्य राजा नव्हते. १९११ मध्ये पूर्ण अधिकार हाती आल्यावर त्यांनी शहर नव्याने बांधायचे मनावर घेतले, पॅट्रिक गेडिस यांच्यासारख्या नगररचनाकाराकडून इंदूरचा आराखडा करवून घेतला आणि क्रिकेटपटू सी. के. नायडूंना इंदूरला आणले. गेडिस यांनी प्लेगविरुद्ध लोकांना जागे करण्यासाठी इंदूरच्या रस्त्यांतून मिरवणूक काढली, तीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा होती आणि शेवटी ती जाळण्यात आली. दरबाराने त्या कामाला पाठबळ दिले. असा राजा गेल्याची हळहळ समजू शकते. शिवाय कोणत्याही न्यायालयाने तुकोजीरावांना दोषी ठरवले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. हल्ल्याची सूत्रे इंदूरकडे जातात एवढेच न्यायमूर्तींनी म्हटले, त्यामागची व्यक्ती कोण हे खटल्यात ठरले नाही. सरकारने महाराजांपुढे चौकशी आयोग किंवा गादीत्याग असे दोन मार्ग ठेवले आणि त्यांनी दुसरा निवडला.

पण हे सगळे मान्य केले तरी मूळ मुद्दा जागचा हलत नाही. इंग्रजांचा राजकीय स्वार्थ आणि मुमताजच्या चेहऱ्यावरचे वार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. साम्राज्याने एखाद्या गुन्ह्याचा फायदा घेतला म्हणून तो गुन्हा खोटा ठरत नाही. उलट, कारस्थानाच्या कथेत सर्वांत आधी अदृश्य होते ती मुमताज. तिथे ती इंग्रजांच्या हातातले प्यादे होते, जणू दिल्लीत तिला कोणीतरी पढवून पाठवले होते. हल्ल्यात दरबारच्या नोकरांचा हात कसा, याला ती कथा उत्तर देत नाही.

दुसरा आक्षेप हलक्या आवाजात घेतला जातो, पण त्याची मुळे अधिक खोल आहेत. ती नर्तकीच्या घराण्यातली, तिची आई वजीर बेगम, दरबाराने त्यांना पैसा, दागिने, घरदार दिले. मग जबरदस्ती कसली? या आक्षेपामागे असा समज आहे की मोबदला घेतला की निघून जाण्याचा हक्क संपतो. संस्थानी दरबारांतल्या गायिका-नर्तकींचे जीवन याच समजावर उभे होते. त्यांना आश्रय मिळे, कलेला मान मिळे, कित्येक घराण्यांचे संगीत त्यांनी टिकवले. पण आश्रयदाता बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. लग्नाच्या बायकोलाही तो नव्हता, हे खरे. म्हणूनच मुमताजचा नकार एकटीपुरता राहत नाही. ज्या काळात सुशिक्षित घरांतली बाईसुद्धा नवऱ्याचे घर सोडू शकत नव्हती, त्या काळात समाजाने अप्रतिष्ठित मानलेली एक मुलगी उच्च न्यायालयात उभी राहून, वकिलांच्या उलटतपासणीला तोंड देत, आपण का निघालो ते सांगत होती. महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास लिहिताना आपण रखमाबाईंचे नाव घेतो आणि ते रास्तच आहे. त्या यादीत मुमताजला जागा मिळत नाही, याचे कारण पुरावा अपुरा आहे हे नसून ती 'आपल्यातली' नव्हती हे आहे.

सिनेमाचे काय? फरारी माणसाची गोष्ट पडद्याला फार मानवते आणि हे फक्त मुंबईत घडते असे नाही. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी अमेरिकेत स्वतःला डॅन कूपर म्हणवणाऱ्या एका माणसाने विमान ओलीस धरले, दोन लाख डॉलर घेतले आणि रात्रीच्या अंधारात पॅराशूटने उडी मारली. तो कधीच सापडला नाही. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, हॉलिवुडने त्याच्यावर पाठलागाचा चित्रपट काढला. त्यात हा अपहरणकर्ता नायक झाला. ज्या हवाईसुंदरीला बॉम्बची पेटी घेतलेल्या माणसाशेजारी तासन्‌तास बसावे लागले, तिच्या त्या तासांना लोककथेत जागा उरली नाही. मलबार हिलच्या प्रकरणात पळून गेलेली व्यक्ती हीच पीडित होती, म्हणून तिच्या बाजूने पाहणारा चित्रपट निघणे अधिक सोपे असायला हवे होते. पण थरार मोटारीत असतो, नकारात नसतो, या हिशेबानेच धंदा चालतो. आपल्याकडच्या बहुतेक मूकपटांच्या रिळा नष्ट झाल्या आहेत, त्यामुळे त्या काळच्या सिनेमाविषयी बोलताना आपण अनेकदा जाहिराती, समीक्षा आणि आठवणी यांवरच उभे असतो. साक्षी मात्र शिल्लक आहेत आणि त्यांचे वजन कोणत्याही रिळापेक्षा जास्त आहे.

शिक्षा झालेल्यांपैकी शफी अहमद आणि दिघे नोव्हेंबर १९२५ मध्ये फासावर गेले, पोंडेची फाशी टळली. तुकोजीरावांनी १९२८ मध्ये अमेरिकेतल्या नॅन्सी मिलर यांच्याशी लग्न केले आणि १९७८ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुलाचे, यशवंतरावांचे, नाव इंदूरच्या मोठ्या रुग्णालयाला आहे. होळकरशाहीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. इंदूरच्या मराठी अभ्यासकांना एवढीच विनंती आहे, की १९२६ च्या गादीत्यागाचे प्रकरण लिहिताना त्याची सुरुवात १९२४ च्या दिल्लीपासून करावी, आणि खटल्यातली मुमताज बेगमची साक्ष तळटीपेत न टाकता मजकुरात घ्यावी.