हळदीची परीक्षा

लहानपणीं गुडघा फुटला कीं आमची आजी आधीं त्यावर हळद दाबी आणि मग रागें भरे. हळदीनें सूज उतरते, ह्याचा पुरावा तिला कोणीं मागितला नाहीं. तो मागितला शास्त्रानें.

१८१५ सालीं व्होगेल व पेल्तिये ह्या रसायनज्ञांनीं हळदींतील पिवळें द्रव्य वेगळें काढिलें, तेंच कर्क्युमिन. त्याची रचना १९१० मध्यें उलगडली. १९७३ सालीं लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेंतील श्रीमल व धवन ह्यांनीं उंदरांच्या पायांवर मुद्दाम सूज आणून ती कर्क्युमिननें कमी होते, असें दाखविलें. प्राणवायूच्या योगानें स्निग्ध पदार्थ बिघडतात. तो बिघाडही तें रोखतें, असें १९७६ सालीं दिसून आलें.

पुढें १९९५ सालीं जखमेवर हळद वापरण्याचें पेटंट अमेरिकेंत दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने दाखले देऊन १९९७ सालीं तें रद्द करविलें. आमची छाती अभिमानानें फुगली.

परंतु वस्तु आपली ठरली म्हणजे गुणकारी ठरली असें नव्हे. कर्क्युमिन पोटांतून रक्तांत फारच थोडें उतरतें आणि रोग्यांवरील काटेकोर चाचण्यांत त्याचें यश सिद्ध झालेलें नाहीं, असा निष्कर्ष २०१७ सालीं कांहीं रसायनज्ञांनीं मांडिला.

मग आजी चुकली काय? जखमेवरची चिमूट आणि पोटांत घ्यावयाची गोळी हे दोन निराळे प्रश्न आहेत. परंपरा प्रश्न घालून देते. उत्तर परीक्षेनेंच मिळतें. जुना मास्तर म्हणून एवढेंच सांगतों: घरच्या मुलाची उत्तरपत्रिकाही परक्याच्या इतक्याच कडकपणें तपासावी.